पाचवी भेग

टाकी वर चढवायचे वीस रुपये मागितले पोरानं.
मी म्हटलं, ठेव इथंच, जिन्यापाशी.

दोन जिने चढले मी तिला कमरेवर घेऊन,
लेकरू घ्यावं तशी, फक्त हे लेकरू तीस किलोचं.
आणि अगदी पोचल्यावर,
स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत एक पाऊल,
घामानं कडी सुटली.

खाली मगदूमअण्णांच्या टीव्हीवर
दोघं-तिघं एकदम भांडत होते.
त्या दिवशी पहिल्यांदा बातम्यांचे उपकार वाटले.

मोझॅकची फरशी, पिवळट, तपकिरी खड्यांची.
एका टिंबातून निघालेल्या चार भेगा.
तेजल शाळेतून आली, दप्तरासकट वाकली,
बोट फिरवत म्हणाली,
"कासारी. कुंभी. तुळशी. भोगावती."
मी म्हटलं, पंचगंगेला पाच लागतात.
"सरस्वती दिसत नसती आई. ती खालनं जाती."

रात्री पत्र्याच्या पेटीतून करार काढला.
अकरा महिने. कलम सात:
नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळता
जागेचे जे नुकसान होईल
ते भाडेकरूने भरून द्यावे.
भाडेकरू म्हणजे मी.
टाकी पडणं नेहमीचं नाही, कबूल.
पण उचलणं तर नेहमीचंच आहे,
आणि उचललेलं कधीतरी पडतं,
ते कितव्या कलमात घालायचं?
वीस हजार डिपॉझिट डोळ्यांपुढं
उतू जाणाऱ्या दुधासारखं.

दूध संघात मी फॅट काढते.
पाणी घातलेला कॅन मला झाकण उघडताच कळतो.
आणि दर महिन्याच्या पाच तारखेला
भाड्याला आलेल्या अण्णांना
पायपुसण्याकडं पाठ करून बसवायची,
साखर जरा जास्तच घालायची चहात.
असे सात चहा झाले.

घर सोडायच्या दिवशी पायपुसणं मीच उचललं.
अण्णा काही बोलले नाहीत.
भिंतीला धरून खाली बसले, गुडघे वाजले,
खिशातून दहाचं नाणं काढून
एकेक फरशी ठोकत आले.
टण. टण. टण.
ठप्प.
पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात
कालव्याची अस्तरं अशीच ठोकून बघितलेला माणूस.
पुन्हा ठोकलं. ठप्प.

"ही पोकळ बसलीया," म्हणाले.
मग बराच वेळ नाण्याकडंच बघत,
"गवंडी माझा मेव्हणा हुता.
माल कमी घालालाय, दिसत हुतं मला.
बोललो न्हाई."

मला वाटलं, सुटले.
"तरी टाकी तुम्हीच पाडलीसा."
व्हय, मीच.

वीजबिलाच्या पाठीवर हिशोब मांडला.
गवंड्याची अर्धी हजेरी, सिमेंट,
फरशी ह्या रंगाची आता मिळायची न्हाई,
जी मिळंल ती.
सहाशे चाळीस.
मधोमध रेघ मारली.
एका बाजूला माझं नाव, तीनशे वीस.
दुसऱ्या बाजूला, तीनशे वीस, मेव्हणा.

पैसे मोजून देताना म्हणाले,
"सात महिनं सांगितलं न्हाईसा, ताई."
त्याचे काही कापले नव्हते.
ते कापले असते तर
जिना उतरताना हलकं वाटलं असतं.

आपटेनगरच्या खोलीपुढं टेम्पो उभा,
सामान अजून दोरीत.
मी दहाचं नाणं घेऊन गुडघ्यांवर,
तेजल वही घेऊन मागं.
नव्या मालकीणबाई दारात,
"काय पडलंय का तुमचं?"
अजून नाही, म्हटलं.

खिडकीखालची दुसरी नीट बोलली नाही.
तेजलनं लिहून घेतलं:
खिडकीखाली, दुसरी, सरस्वती.
बाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं,
आणि काय समजलं कोण जाणे, सही केली.

टाकी पोरानं वर आणली.
वीस दिले.